जुन्या रंगाखालचें सागवान

(ज्युबिलीच्या तयारीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीचा उत्सव जवळ आला कीं भिंतींस चुना आणि दारांस रंग ही तयारी ओघानेंच येते. आपल्या देवमंदिराच्या दारांस, खिडक्यांस व बाकांस नवा रंग द्यावा अशी सूचना आपणांपैकीं अनेकांनीं केली आहे. सूचना प्रेमाची आहे व तिचा आम्ही आदर करतों. परंतु जुन्या रंगावरच नवा रंग चढवावा, कीं जुना काढून खालचें लांकूड मोकळें करावें, आणि काढावयाचा तर कोणत्या साधनानें, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. त्यांत आपल्या पैशाचा व लांकडाचा संबंध आहेच. पण त्याहून मोठा संबंध आपल्या मुलांच्या व कामकऱ्यांच्या प्रकृतीचा आहे. म्हणून या एकाच विषयावर आज थोडें सविस्तर बोलावें असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम लांकडाचा विचार करूं. आपला यवतमाळ जिल्हा सागाचा जिल्हा आहे. टिपेश्वरच्या व पैनगंगेच्या अभयारण्यांत जो साग आजही उभा आहे, त्याच जातीचें लांकूड आपल्या वाडवडिलांनीं चौकटींस, तुळयांस व दारांस वापरलें. सागाच्या अंगांतच एक प्रकारचें तेल असतें. त्यामुळें वाळवी त्यास सहसा लागत नाहीं व पाऊसपाण्यानें तें लवकर कुजत नाहीं. असें लांकूड रंगाशिवाय किती शोभतें हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं पुण्याचा विश्रामबाग वाडा पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दुसऱ्या बाजीराव पेशव्यानें बांधविलेल्या त्या वाड्याच्या दर्शनी भागावरील कोरीव काम व सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब पाहिले म्हणजे सुताराच्या हाताची किंमत कळते. उलट आपल्याकडे काय झालें? एका पिढीनें हिरवा रंग दिला, दुसरीनें त्यावर निळा, तिसरीनें तपकिरी. प्रत्येक पुटानें दिलह्यांच्या कडा बुजत गेल्या, बिजागऱ्या जाम झाल्या आणि पावसाळ्यांत दारें चौकटींत अडूं लागलीं. रंग जेथें तडकला तेथून पाणी आंत शिरलें. तें बाहेर पडण्यास मात्र वाट राहिली नाहीं. अशा पुटावर आणखी एक पूट देणें म्हणजे मळलेल्या कपड्यावर दुसरा कपडा घालण्यासारखें आहे.

आतां रंगाचा विचार. जुना तैलरंग म्हणजे मुख्यतः जवसाचें तेल व त्यांत घोटलेली रंगीत भुकटी. जवस तर आपल्या विदर्भाचेंच पीक आहे. तें कढवून केलेल्या तेलास रंगारी बेलतेल म्हणतात. हें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें घट्ट होतें व त्याची चिवट साय बनते. म्हणूनच जुना रंग धुऊन जात नाहीं. या तेलांत पांढऱ्या रंगासाठीं सफेदा घालीत. तांबड्या अस्तरासाठीं शेंदूर घालीत, आणि तेल लवकर वाळावें म्हणून मुरदाडशिंग वापरीत. या तिन्ही पदार्थांचीं नांवें आपल्या कानांवरून गेलेलीं असतील. पण जुन्या कारखान्यांचा सफेदा, शेंदूर व मुरदाडशिंग हीं तिन्ही शिशाचीं रूपें आहेत हें थोड्यांस ठाऊक असतें. चकचकीत पिवळ्या, नारिंगी व हिरव्या रंगांतही शिसें पुष्कळदां असे.

शिसें हें सावकाश भिनणारें विष आहे. तें हाडांत व दांतांत सांठतें. प्रौढांस त्यानें पोटशूळ, अशक्तपणा व हातापायांची दुर्बलता येते; गर्भवती स्त्रियांस व गर्भास तें अपाय करतें. सर्वांत अधिक हानि लहान मुलांची होते, कारण त्यांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा घाव बसतो व गेलेली बुद्धि परत येत नाहीं. मुलांच्या रक्तांत अमुक इतकें शिसें असलें तर चालेल अशी कोणतीही निर्धास्त मर्यादा सांपडलेली नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंगाऱ्यांचा हा रोग जगास फार पूर्वीं कळला होता. जिनिव्हा येथें १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत सफेद्याच्या वापरास आळा घालणारा करार संमत केला. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. तेव्हां त्यापूर्वीं दिलेल्या रंगांत शिसें आहे असें धरूनच चालणें शहाणपणाचें. रंग दारावर स्वस्थ बसला आहे तोंपर्यंत धोका थोडा. तो घांसला, खरवडला वा जाळला कीं धूळ व धूर होऊन तो घरांत फिरूं लागतो.

मग तो काढावा कसा? रीति अनेक आहेत. त्या एकेक पाहूं.

पहिली रीत काचकागदानें घांसण्याची. ती ओळखीची व स्वस्त. पण शिशाची बारीक धूळ करण्याचा याहून सोपा मार्ग दुसरा नाहीं. कोरडें घांसणें म्हणून वर्ज्य मानावें.

दुसरी रीत कॉस्टिक सोड्याची. त्यानें रंग निघतो खरा. परंतु सागवान काळवंडतें, त्याचे तंतु फुगतात, सांधे ढिले होतात, आणि लांकडांत उरलेला क्षार पुढें नवीन तेलास वा रंगास टिकूं देत नाहीं. बाजारांत रंग काढण्याचीं तीव्र द्रावणेंही मिळतात. त्यांतील मिथिलीन क्लोराइड हा पदार्थ कोंडलेल्या जागेंत जीव घेऊं शकतो; अमेरिकेंत किरकोळ गिऱ्हाइकांस असें द्रावण विकण्यास २०१९ सालीं बंदी झाली.

तिसरी रीत ब्लोलॅम्पची, म्हणजे उघड्या ज्योतीची. काम झपाट्यानें होतें, म्हणून ठेकेदारास ती प्रिय. पण ज्योतीची उष्णता हजार अंश सेंटिग्रेडच्या वर जाते. रंग जळतो, शिशाचा धूर उठतो, लांकूड करपतें, आणि चौकटीमागील फटींत ठिणगी दडून बसते. इंग्लंडांतील अपपार्क नांवाचा जुना प्रासाद ३० ऑगस्ट १९८९ रोजीं जळाला. आढ्यावरील शिशाच्या पत्र्याची दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या ज्योतीनें ती आग लागली होती. काम दुरुस्तीचें होतें, हेतु चांगला होता, आणि शेवटीं वास्तु पुन्हा उभी करण्यास वर्षें लागलीं. आपल्या कौलारू छपराखालीं वाळलेला पाचोळा, पाखरांचीं घरटीं व जुने वांसे आहेत हें आपण विसरूं नये.

चौथी रीत गरम हवेच्या बंदुकीची. ती ज्योतीहून बरी. पण तिची हवाही सहाशें अंशांच्या आसपास जाऊं शकते. शिसें असलेल्या रंगावर उघडी ज्योत, तसेंच ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ५९३ अंश सेंटिग्रेडच्या वरची बंदूक, अमेरिकेच्या २००८ सालच्या नियमानें निषिद्ध ठरविली आहे. शिवाय गरम हवा वरचें पूट आधीं तापविते. खालचें मऊ होण्यापूर्वीं वरचें जळूं लागतें.

पांचवी रीत, जिच्यासाठीं आम्हीं आज आपणांस थांबविलें आहे, ती अवरक्त किरणांची. ज्यानें १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधला, त्याच विल्यम हर्शेलनें १८०० सालीं लोलकांतून सूर्यकिरणांचे रंग पाडून प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें पारा अधिक चढला. तांबड्याच्या पलीकडचे ते न दिसणारे किरण म्हणजे अवरक्त किरण. चुलींतील निखाऱ्यापुढें हात धरला असतां जी ऊब लागते तिच्यांत मुख्य भाग याच किरणांचा असतो. मधली हवा तापण्याची त्यांस वाट पाहावी लागत नाहीं. ते थेट वस्तूंत शोषले जातात.

रंग काढण्याच्या यंत्रांत काचमण्याच्या नळ्या, त्यांमागें चकचकीत पत्र्याचा परावर्तक व धरावयास मूठ, एवढाच सरंजाम असतो. तें रंगापासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर धरावें. मिनिटाच्या आंतच रंग फुगूं लागतो. रंगाचीं पुटें व त्यांखालील लांकडाचा वरचा थर एकत्र तापतात, लांकडांतील ओल वर येते, आणि रंगाची पकड सुटते. रंग सुमारें दोनशें ते तीनशें अंशांपर्यंतच तापत असल्यामुळें शिशाचा धूर उठण्याचा संभव ज्योतीच्या मानानें पुष्कळच कमी होतो. आणि चार पिढ्यांचीं पुटें एका सालीसारखीं एकदम निघतात. धुळीऐवजीं मऊ साल निघते, हाच या रीतीचा मुख्य लाभ.

परंतु हें यंत्र म्हणजे जादू नव्हे. त्याचे नियम आम्ही स्पष्ट सांगतों.

एक, यंत्र एका जागीं रेंगाळूं देऊं नये; धूर दिसतांच तें दूर करावें. एका वितीचा भाग तापला कीं यंत्र पुढच्या भागावर न्यावें व तापलेला रंग धारदार पत्रीनें, लांकडाच्या रेषांच्या दिशेनें, हलक्या हातानें ओढून घ्यावा. दोन, खिडकीच्या तावदानांस चकचकीत धातूच्या पत्र्याची आड द्यावी, नाहीं तर काच तडकते. लुकण मात्र या उष्णतेनें मऊ होतें व जुनी काच न फुटतां काढतां येते. तीन, चुन्याचा रंग उष्णतेनें मऊ होत नाहीं, आणि लाखेचें रोगण नुसतें चिकट होतें. तें स्पिरिटनें पुसून काढावें. चार, जवळ पाण्याची बादली व वाळू ठेवावी. यंत्राची तार आधीं काढल्याशिवाय पाणी मारूं नये, आणि काम संपल्यावर निदान एक तास कोणी तरी जागेवर थांबावें. पांच, काम उघड्या हवेंत, खालीं जाड प्लास्टिक अंथरून करावें. तोंडास साधा रुमाल बांधून भागत नाहीं. बारीक धुळीसाठीं केलेला मुखवटाच हवा. हात धुतल्याशिवाय पाणी पिऊं नये, विडी ओढूं नये, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊं नयेत.

मूर्ति, सोनेरी मुलामा दिलेली वेदी वा चित्र यांवर हें यंत्र कदापि धरूं नये. उष्णतेनें मुलामा व त्याखालचा खडूचा लेप दोन्ही सुटतात, आणि वरच्या बेगडी रंगाखालीं जुनें मूळ चित्र असेल तर तेंही जातें. तशा वस्तु जाणकारांच्याच हातीं द्याव्या. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयांत कलावस्तूंच्या संवर्धनाची शाखा आहे. अशा ठिकाणीं सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहानें सांगतों, कारण ती आपल्या घरोघरची आहे. जुन्या दाराच्या मोडक्या रंगीत फळ्या व निघालेल्या साली चुलींत घालूं नका. त्यांचा धूर स्वयंपाक करणारी आई व तिच्या कडेवरचें लेंकरूं यांच्या पोटांत जातो. मागें राहिलेल्या राखेंतही शिसें असतें, आणि त्याच राखेनें आपण भांडीं घांसतों. साली पिशवींत बांधून, ओल्या फडक्यानें जागा पुसून, त्या मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर ठेवाव्या आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्यांत द्याव्या.

रंग निघाल्यावर सागवानास जवसाचें तेल द्यावें. हलक्या हातानें चोळावें, अधिकचें पुसून घ्यावें, सावकाश वाळूं द्यावें. मात्र तेलाचीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल प्राणवायु शोषतांना स्वतःच तापतें, आणि असा बोळा ज्योतीवांचून पेट घेतो. फडकीं पाण्यांत भिजवावीं, किंवा पसरून उघड्यावर वाळवावीं.

आतां खर्चाचें. हीं यंत्रें स्वीडन, अमेरिका अशा देशांत चालतात. मागवितांना तें आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणारें आहे ना, हें पाहावें. अमेरिकेचें ११० व्होल्टचें यंत्र येथें जळून जाईल. हजार वॅटचें यंत्र तासाला एक युनिट वीज घेतें, म्हणजे विजेचा खर्च फार नव्हे. खरा खर्च वेळेचा आहे. एक दार नीट करण्यास दिवस लागतात, आणि वैशाखांत, जेव्हां आपल्याकडे सावलींतही अंग भाजतें, तेव्हां हें काम सकाळच्या प्रहरींच होईल.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, हें काम ठेक्यानें न देतां रोजंदारीनें द्यावें. ठेक्याच्या कामांत घाई शिरते, आणि घाईच्या हातांत ब्लोलॅम्प येतो. रंगाऱ्याच्या छातींत काय गेलें याचा हिशेब कोणत्याही ठेक्यांत लिहिलेला नसतो. तो आपण ठेवला पाहिजे. दुसरी, काम चालूं असतां मुलांस, आणि ज्या भगिनींस दिवस गेले असतील त्यांस, तिकडे फिरकूं देऊं नये, मग त्यांस मदतीची कितीही हौस असो. तिसरी, ज्युबिलीच्या दिवशीं एकच मुख्य दार तयार झालें व बाकीचीं जुन्या रंगांतच राहिलीं तरी कोणीं लाजूं नये. पाहुण्यांस अर्धें काम दिसेल, दिसूं द्या. उत्सव एका दिवसाचा, दारें पुढच्या पिढ्यांचीं.

संत योसेफ सुतार होता. त्याच्या हातची कोणतीही वस्तु जगानें जपून ठेवलेली नाहीं. परंतु त्यानें आपल्या कर्मशाळेंत एका बालकास सुखरूप वाढविलें, हें आपण जाणतों. लांकडाचें काम करणाऱ्यानें प्रथम काय जपावयाचें तें यांतच आलें. आपलीं दारें त्याच क्रमानें मोकळीं व्हावीं, आधीं माणसें निर्धोक आणि मग सागवान सुंदर, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही हें भाषण पुरें करतों. परमेश्वर आपल्या हातांस धीर व यश देवो.