मेंदूचे शास्त्र आणि संशोधकाची रोजी



मेंदूच्या शास्त्रावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आमच्याही आले होते. पण हा प्रश्न आता डॉक्टरांपुरता राहिलेला नाही.

2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुराव्यात मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. डोक्याला तारा लावायच्या, गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवायची, आणि ही आठवण स्वतःच्या अनुभवाची की नाही, हे लहरींवरून ठरवायचे! पुढे 2010 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीवाचून करणे घटनाबाह्य ठरवले. म्हणजे यंत्र आधी पोचले, शंका मागाहून आली.

असे का व्हावे? यंत्र बनवणाऱ्याला पैसा मिळतो. त्याचा माणसावर परिणाम काय, हे तपासू पाहणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या पोराला मात्र ना मेंदूवाले आपला म्हणत, ना समाजशास्त्रवाले.

यावर तोड आहे. अमेरिकेत 1990 साली मानवी जनुकांचा नकाशा काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्याच पैशातला शेकडा 3, पुढे 5 वाटा त्याच्या नैतिक, कायदेशीर व सामाजिक परिणामांच्या अभ्यासाला बाजूला काढला. ज्याचे मीठ खावे त्याला प्रश्न कोण विचारील, ही शंका रास्तच आहे. म्हणून हा पैसा वेगळ्या मंडळाकडून यावा आणि किमान पाच वर्षांचा यावा. बदली कामगार मुकादमाला उलट विचारीत नाही, हे आम्ही आयुष्यभर पाहिले.

आपल्याकडे कनिष्ठ संशोधकाची मासिक फेलोशिप जानेवारी 2023 पासून 31 हजारांची 37 हजार झाली. त्याआधीच्या, 2019 च्या वाढीसाठी ही मुले फलक घेऊन रस्त्यावर आली होती. त्यांतल्या काहींना 'कामगार' म्हटलेले रुचत नाही. आमच्या बँकेतल्या कारकुनांनाही आरंभी रुचत नसे.

ऑस्ट्रेलियातल्या खाणींत ट्रकचालकाच्या टोपीत पट्टी बसवून, मेंदूच्या लहरींवरून त्याची गुंगी मोजतात. अपघात टळतात तर टोपीला आमचा विरोध नाही. पण उद्या ती आपल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर आली, तर ती नोंद किती दिवस ठेवायची, कोणी पाहायची, तिच्यावरून पगार कापायचा की काय, हे शोधणारा कोणीतरी आजच कामावर लावलेला हवा.