धोटा, गाठ आणि वही



केंद्रात टॅटिंगचा वर्ग सुरू करायचा विषय निघाला, तेव्हा विरोध करणारी मीच होते. भरतकाम-विणकाम म्हणजे बाईला चार भिंतींत गुंतवून ठेवायचे उद्योग, असं मी वर्षानुवर्षं भाषणांतून सांगत आले. मग आपल्याच गटातल्या एका ताईंनी माझ्या हातात धोटा दिला. म्हणाल्या, "आधी एक गाठ मारून दाखवा, मग बोला." आठ दिवस ती गाठ मला जमली नाही.

साधन काय लागतं? बोटभर लांबीचा, होडीच्या आकाराचा धोटा आणि सुती दोरा. बस. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचं कडं घ्यायचं, जोड अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरायचा. उजव्या हातातला धोटा त्या दोऱ्याखालून न्यायचा, वरून परत आणायचा. इथवर सोपं. मेख पुढे आहे. या क्षणी वेढा असतो धोट्याच्या दोऱ्याचा. डाव्या हाताची बोटं सैल सोडून धोट्याचा दोरा ताठ ओढला, की वेढा उडी मारून डाव्या हाताच्या दोऱ्याचा होतो. ही अर्धी गाठ. मग बोटं पुन्हा ताणायची, आणि दुसरी अर्धी उलटी: धोटा वरून न्यायचा, खालून आणायचा.

माझे दोन्ही हात घट्ट! त्यामुळे गाठ धोट्याच्याच दोऱ्याची बसायची, आणि शेवटी कडं मिटवायला दोरा ओढला की जागचा हलायचा नाही. ताईंनी युक्ती सांगितली. सरावापुरते दोन रंगांचे जाड दोरे एकमेकांना बांधा. एक धोट्यावर, दुसरा बोटांवर. गाठ बोटांवरच्या रंगाची दिसली तर बरोबर. नाहीतर तिथल्या तिथे उसवा. घट्ट बसली की टाचणीनेही सुटत नाही. दोन गाठींमध्ये जागा सोडून त्या जवळ सरकवल्या की जो फास उभा राहतो, तो पिको. साडीच्या पिकोचा शब्द यातलाच.

आता दुसरी बाजू. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस करणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांचं पुस्तक १९८२ साली आलं. तिथली लेस क्रोशाची, पण गोष्ट आपलीच. परदेशी बाजारात जाणारा माल बायका घरी बसून करत, पैसे नगावर, व्यापार पुरुषांच्या हाती. आणि या बायका कामगार नव्हेत, फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी, असं धरून चालत.

मला एक वीत लेसेला अख्खी संध्याकाळ लागते. इथल्या एका दुकानदाराला लेस लावलेला रुमाल दाखवला. तो म्हणाला, "छान आहे. टीव्ही बघता बघता होतं ना हे?" ताई त्यालाच रुमाल देत होत्या. कापड-दोऱ्याचे पैसे वजा जाता हातात काय उरलं, हे त्यांनी मला सांगितलं नाही.

म्हणून वर्गात एक वही ठेवली आहे. धोटा उचलला की वेळ लिहायची, ठेवला की लिहायची. मध्ये मूल रडलं म्हणून उठलात, तेही लिहा. महिन्याने ती वही घेऊन आपण सगळ्या मिळून त्याच्याकडे जाणार आहोत.

चला, दोरे वाटून घ्या. डावखुऱ्या असतील त्यांनी माझ्या समोर बसा, म्हणजे आरशात पाहिल्यासारखं दिसेल.