एसजीपीटी वाढलं, म्हणजे काय?

कोरेगाव भीमा, सणसवाडीकडच्या कारखान्यात काम करणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाच्या रक्ततपासणीत ‘एसजीपीटी’ वाढलेलं निघालं, की घरचे आधी विचारतात, ‘चोरून पिता का?’ मग तो कागद खिशातच राहतो. तेच घातक.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम. पेशी दुखावल्या, की ते रक्तात उतरतं. दारू हे एक कारण झालं. पण न पिणाऱ्यालाही सुटलेलं पोट आणि मधुमेह यांमुळे ‘फॅटी लिव्हर’ होतं. ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ वर्षानुवर्षं मुकाट राहू शकते. क्षयाच्या औषधांनीही एन्झाइम वाढतं. मात्र ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि काढे? मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, मी रुग्णाला गोळ्यांबरोबर काढ्याचंही विचारतो.

तेव्हा कागद लपवू नका. जे जे पोटात जातं, ते सगळं डॉक्टरांना सांगा. सोनोग्राफी आणि ‘ब’, ‘क’ची तपासणी करून घ्या. फॅटी लिव्हर वेळीच कळलं, तर वजन उतरवून ते बरंचसं मागे फिरवता येतं.