खेळाडू बाईची भाकरी



बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईचे पोट कशावर भरते, हा प्रश्न आम्ही कामगार चळवळीतली माणसे आधी विचारतो. पुण्याच्या शिरीन लिमये 2021 साली अम्मानच्या आशिया चषकात भारताच्या कर्णधार होत्या. पण निव्वळ ह्या खेळावर बाईचे घर चालेल, अशी धंदेवाईक स्पर्धा आपल्याकडे अजून रुजलेली नाही. म्हणून कितीतरी नामवंत खेळाडू रेल्वेत नोकरी करतात आणि रेल्वेच्याच संघातून खेळतात. त्याच रेल्वेचे एक विभागीय कार्यालय आपल्या नांदेडात आहे.

चेन्नईच्या अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेच्या. 19 व्या वर्षी कर्णधार. मुलाच्या जन्मानंतर पुन्हा मैदानात उतरल्या आणि 2017 साली बंगळूरला त्यांच्या संघाने कझाकस्तानला 75-73 असे हरवले. केंद्र सरकारच्या नोकरीत बाळंतपणाची 180 दिवसांची पगारी रजा असते, हे इथे विसरू नका. अमेरिकेतली डब्ल्यूएनबीए ही धंदेवाईक स्पर्धा 1997 साली सुरू झाली. तिथल्या खेळाडूंना बाळंतपणात पूर्ण पगार मिळाला तो 2020 च्या करारात, आणि तो करार त्यांच्या संघटनेने भांडून केला!

आपल्या लातूर-नांदेडची मुलगी उद्या खेळाच्या जोरावर नोकरीला लागेल. तिच्या वडिलांनी पेढे जरूर वाटावेत, पण आधी नेमणुकीचा कागद वाचावा. गुडघा गेला तर पुढे काय, ते त्यात लिहिले आहे का?