पहिली शर्यत झेपेल एवढीच

 

दर वेळी आम्ही कर्ज, हप्ता, शेळीपालन यांवर बोलतो. आज कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलींच्या धावण्याबद्दल बोलणार आहोत. यातून एक चूक आम्हाला कळली आणि ती आमच्या गटाची चूक होती, म्हणून ती सांगायलाही आम्हीच आलो आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. पोरगी पळायला चपळ. गेल्या वर्षी १५ ऑगस्टला शेजारच्या गावात ५ किलोमीटरची शर्यत होती. आपल्याकडे ५ किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. तिथं ती पहिली आली आणि ३००० रुपये रोख मिळाले. त्याच आठवड्यात ताईंचा शेळीच्या कर्जाचा हप्ता होता. तो त्या पैशातून भरला गेला. बैठकीत आम्ही टाळ्या वाजवल्या आणि लेकीच्या बक्षिसातून हप्ता जमा झाल्याचं कौतुकानं प्रोसिडिंगमध्येही लिहिलं.

मग काय, दर रविवारी कुठं ना कुठं शर्यत असायचीच. कुठं वाढदिवस, कुठं गणेश मंडळ, कुठं यात्रा. पोरगी सलग पाच रविवार पळाली. त्यातल्या दोन शर्यती १० किलोमीटरच्या आणि डांबरी रस्त्यावरच्या. सहाव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. तिनं घरात सांगितलं नाही. तीन महिने पाळी आली नव्हती, तेही सांगितलं नाही. ऑक्टोबरात विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीची निवड चाचणी होती. क्रॉस कंट्री म्हणजे माळावरून, चढउतारावरून, चिखलातून धावायची शर्यत. अंतर १० किलोमीटर. सहाव्या किलोमीटरला पोरगी लंगडत बाहेर आली. डॉक्टरांनी सांगितलं, हाडाला बारीक चीर गेली आहे, दोन महिने धावायचं नाही. तिचं वर्ष गेलं.

ताई बैठकीत म्हणाल्या, "माझ्या हप्त्यापायी पोरीचा पाय गेला." खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हा कुणालाच मान वर करवेना. टाळ्या आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.

या वर्षी जून महिन्यात आम्ही कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना बैठकीला बोलावलं. आता आमच्या गटातल्या तीन मुली धावतात. आम्ही विचारलं, "सर, शेवटी १० किलोमीटरच धावायचं आहे, तर पहिल्यापासून तेवढंच पळवलं तर काय बिघडलं?" सर म्हणाले, "ताई, तुम्ही गटात नव्या बाईला पहिलं कर्ज किती देता?"

आम्ही हसलो, पण मुद्दा डोक्यात बसला. पहिलं कर्ज झेपेल एवढंच देतो. ते वेळेवर फिटलं की पुढचं मोठं. पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम दिली तर बाई अडकते आणि गटही अडचणीत येतो. शर्यतीचंही तसंच आहे.

सरांनी समजावलं ते असं. सराव वेगळा आणि शर्यत वेगळी. सरावात सोबतिणीशी बोलत बोलत १० किलोमीटर पळता येतं, दुसऱ्या दिवशी पाय मोकळे असतात. शर्यतीत माणूस जीव तोडून पळतं. १० किलोमीटरच्या शर्यतीनंतर अंग पुन्हा ताजंतवानं व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. मोसमाच्या सुरुवातीलाच तशा तीन-चार शर्यती झाल्या, तर सरावाला दिवसच उरत नाहीत. म्हणून लांब अंतराची तयारी सरावात करायची, आठवड्यातून एकदा सावकाश लांब पळून. सुरुवातीच्या शर्यती मात्र आखूड ठेवायच्या.

अमेरिकेतल्या कॉलेजांतही हीच पद्धत आहे, असं सरांनी सांगितलं. तिथं मोसम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि मोठी स्पर्धा नोव्हेंबरात असते. मुलांची शेवटची शर्यत १० किलोमीटरची, पण सुरुवातीच्या बहुतेक शर्यती ६ किंवा ८ किलोमीटरच्या. मुलींची शेवटची ६ किलोमीटरची आणि सुरुवातीच्या ४-५ किलोमीटरच्या. जागतिक क्रॉस कंट्रीत मोठ्या गटातल्या बायकांना पूर्वी ८ किलोमीटर धावावं लागायचं. २०१७ साली युगांडातल्या कंपाला शहरातल्या स्पर्धेपासून पुरुषांइतकंच १० किलोमीटर झालं. पण २० वर्षांखालच्या मुलींना तिथंही ६ किलोमीटरच ठेवलं आहे. आपली १८-१९ वर्षांची मुलगी विद्यापीठासाठी १० किलोमीटर धावते, तेव्हा तिला त्या अंतरापर्यंत पायरीपायरीनं न्यायला हवं.

मग आम्ही आमच्या मुलींचं वेळापत्रक केलं. जून-जुलैत फक्त सराव. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या मैदानावर ३ किलोमीटर. सप्टेंबरच्या सुरुवातीला ५ किलोमीटर, अखेरीला ६ ते ८. मग निवड चाचणीला १०. दोन शर्यतींत निदान दोन आठवड्यांचं अंतर. शर्यत शक्यतो मातीवर, कारण चाचणी मातीवरच असते. हे सगळ्यांना सारखं लागू नाही. तिसऱ्या वर्षाची, दोन मोसम धावलेली मुलगी ५ किलोमीटरपासून सुरू करू शकते. पहिल्या वर्षाची, आत्ताच शाळेतून आलेली मुलगी या वर्षी १० पर्यंत गेली नाही तरी काही बिघडत नाही.

अंतर वाढवायचं की नाही, हे कसं ठरवायचं? सरांनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. शेवटचा किलोमीटर पहिल्यापेक्षा फारच हळू झाला का? तीन दिवसांनी पाय मोकळे झाले का? एकाच जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय का? पहिल्या दोन्हींत गडबड असेल तर पुढची शर्यत तेवढ्याच अंतराची. हप्ता थकला तर आपण कर्ज वाढवतो का? आणि हाडावर दुखत असेल तर धावणं बंद आणि आधी डॉक्टर.

घड्याळाचंही सांगतो. रस्त्यावरच्या ५ किलोमीटरची वेळ आणि माळावरच्या ५ किलोमीटरची वेळ एकमेकींशी ताडून बघू नका. चढ आणि चिखल असला की वेळ जास्त लागणारच. पोरीला त्यावरून बोलू नका.

आखूड शर्यत म्हणजे कमी प्रतीची शर्यत, असंही नाही. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिला क्रमांक मिळवला. ते ४२ किलोमीटर. पण २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या पोहोचल्या, ते ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या ३ किलोमीटरच्या शर्यतीत.

आता आयांचं काम. पोरगी पहाटे उपाशीपोटी पळत असेल तर आधी मूठभर शेंगदाणे-गूळ द्या, आणि आल्यावर पोटभर भाकरी, डाळ, जमेल तेव्हा अंडं. धावणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. पोटात जातंय त्यापेक्षा जास्त खर्च होतंय, याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडंही कमजोर होतात. आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि दर आठवड्याला पोरीला विचारा, कुठं दुखतंय का. विचारल्याशिवाय पोरी सांगत नाहीत.

आमच्या गटानं दोन ठराव केले आहेत. एक, मुलीच्या बक्षिसाचा पैसा हप्त्याला धरायचा नाही, तो तिच्याच खात्यावर जाईल. दोन, हप्ता अडला तर आईनं बैठकीत सांगायचं आणि गटानं मुदत वाढवून द्यायची, पण त्यासाठी पोरीला रविवारी शर्यतीला पाठवायचं नाही. पहिला ठराव लगेच झाला. दुसऱ्यावर वाद झाला. दोन ताई म्हणाल्या, "आज पोरीसाठी मुदत, उद्या कशासाठी?" तेही बरोबर होतं. शेवटी मुदत एकाच महिन्याची आणि वर्षातून एकदाच, असं ठरलं.

गेल्या वर्षीची ती मुलगी या वर्षी ३ किलोमीटर धावली आणि चौथी आली. मग ५ किलोमीटर धावली, त्यात तिसरी आली. मधल्या रविवारी शेजारच्या गावात ५००० रुपयांची शर्यत होती. ती गेली नाही. ताई घरीच होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत. तेवढा रविवार दोघींनाही जड गेला, असं ताईंनीच आम्हाला सांगितलं.

निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. निवड होईल की नाही, ते त्या दिवशी कळेल. पण या वर्षी ती धड पायांनी उभी राहणार आहे, आणि आम्ही सगळ्या जणी बघायला जाणार आहोत.

तुमच्या गटातही कुणाची मुलगी धावत असेल, तर या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या.