काचबिंदू असलेल्यांचा दोन दिवसांचा मेळावा : शिक्षकाने करावयाची तयारी



खेड्यात डोळ्यांच्या दुखण्याचा विषय निघाला म्हणजे तो बहुधा मोतीबिंदूपाशी येऊन थांबतो. मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रिया झाली आणि म्हाताऱ्या माणसास पुन्हा दिसू लागले, हा क्रम आता घरोघर परिचित आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, आणि त्यानंतर गावोगाव भरलेल्या शिबिरांनी शस्त्रक्रियेची भीती पुष्कळशी घालविली. परंतु या चांगल्या गोष्टीच्या सावलीत एक घातक समजूतही वाढली आहे. दृष्टी मंद झाली की ‘पिकू द्या, मग पाहू’ असे म्हणून माणूस दोन-तीन वर्षे सहज काढतो. मोतीबिंदूसाठी देखील आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. पण तो मोतीबिंदू नसून काचबिंदू असेल, तर ही वाट पाहणे म्हणजे दृष्टी कायमची गमावणे होय. मोतीबिंदूने झाकलेली दृष्टी परत मिळते; काचबिंदूने नेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

हा भेद गावास समजावून सांगणे, आणि ज्यांस हा विकार जडला आहे त्यांना एकमेकांचा आधार मिळवून देणे, या दोन हेतूंनी शनिवार-रविवारचा छोटा मेळावा कसा भरवावा, याचा विचार येथे करावयाचा आहे. तो राळेगणसिद्धीच्या संदर्भात केला आहे; कारण एकत्र बसून ठरविणे आणि श्रमदानाने पार पाडणे, याचा पाठ या गावाने १९७५ नंतरच्या काळात साऱ्या महाराष्ट्रास घालून दिला.

प्रथम विकाराचे स्वरूप. डोळ्याच्या आत पुढील भागात पाण्यासारखा एक द्रव अखंड तयार होत असतो आणि बारीक वाटांनी बाहेर निघून जात असतो. आवक आणि जावक यांचा मेळ असेल तोवर डोळ्यातील दाब योग्य राहतो. सामान्यतः तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. जावक तुंबली की दाब वाढतो आणि डोळ्याच्या पाठीमागील दृष्टिमज्जेचे तंतू हळूहळू मरू लागतात. पाझर तलावाचा सांडवा बुजला आणि वरून पाणी येतच राहिले, तर ताण शेवटी बांधावर पडतो. हा दृष्टांत पाणलोटाचे काम डोळ्यांनी पाहिलेल्या गावात कोणासही पटेल. मात्र दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे. काहींच्या डोळ्यांतील दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही मज्जेची हानी होते. यास्तव केवळ दाब मोजून भागत नाही. बाहुली मोठी करून दृष्टिमज्जा पाहणे आणि दृष्टिक्षेत्राची परीक्षा करणे आवश्यक असते.

या विकाराचा दगा असा की, बहुतेकांच्या बाबतीत तो दुखत नाही. प्रथम कडेची दृष्टी जाते, समोरचे स्पष्ट दिसत राहते. एका डोळ्याचे उणे दुसरा भरून काढतो. बाजूने आलेले जनावर दिसत नाही, उंबऱ्याला पाय अडखळतो, उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ चाचपडावे लागते. आणि या साऱ्याचे खापर वयावर फोडले जाते. याचा एक प्रकार मात्र अकस्मात येतो: डोळा लाल होऊन असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, ओकाऱ्या होतात. ओकाऱ्यांमुळे पोटाचा उपचार सुरू होतो आणि डोळ्याकडे दुर्लक्ष घडते. अशा वेळी काही तासांचा विलंबही महागात पडतो.

जगात ४० ते ८० या वयोगटातील काचबिंदूच्या रोग्यांची संख्या २०१३ साली सुमारे ६ कोटी ४३ लक्ष होती आणि २०४० पर्यंत ती ११ कोटी १८ लक्षांवर जाईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आपल्या देशात पाहणी झाली तेथे तेथे असे आढळले की, रोग असलेल्यांपैकी बहुसंख्यांना त्याची जाणीवच नव्हती. उपाय नवे नाहीत. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात कर्नल रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ साली या विकारावरील छिद्रशस्त्रक्रिया प्रचारात आणली आणि ती जगभर गेली. आज थेंबांची औषधे, लेसर किरणे आणि शस्त्रक्रिया असे तिन्ही मार्ग उपलब्ध आहेत. उणीव आहे ती सातत्याची. थेंब घातल्याने आज बरे दिसत नाही आणि न घातल्याने उद्या दुखत नाही. मग हंगामाच्या धांदलीत बाटली संपते, ती पुन्हा आणली जात नाही. डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या उपदेशाने जे साधत नाही, ते त्याच वाटेने चालणाऱ्या चार माणसांच्या सोबतीने साधते. मेळाव्याचे प्रयोजन हेच आहे.

आता तयारीविषयी. तिचा आरंभ निमंत्रणापासून होतो आणि येथेच सर्वांत अधिक विवेक लागतो. काचबिंदू असलेल्यांची यादी फलकावर लावणे अथवा ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारणे हे कटाक्षाने टाळावे. हा विकार पुष्कळदा एकाच रक्तात आढळतो. घरात उपवर मुलगी असली की आईबाप आपले दुखणे लपवितात, असा खेड्यातील अनुभव आहे. म्हणून सूचना सर्व गावासाठी द्यावी: ‘ज्यांना डोळ्यांचे दीर्घकालीन औषध चालू आहे, त्यांनी एका सोबत्यासह यावे.’ व्यक्तिगत निरोप आशा सेविकेने अथवा शिक्षकाने घरी जाऊन द्यावा. नाव द्यावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. रक्ताचे नाते असलेल्यांनाही धोका इतरांहून अधिक असतो. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या भावंडांनी व मुलांनी तपासणी करून घ्यावी, हे बोलणे मात्र मेळाव्यात अवश्य व्हावे. लपविल्याने आईचे दुखणे झाकत नाही. लेकाची दृष्टी मात्र जाते.

दिवस निवडताना पंचांग, पीकपाणी आणि बाजारवार ही तिन्ही पाहावीत. ज्वारीची काढणी अथवा कांद्याची धांदल असताना माणसे येणार नाहीत. कडक उन्हाळ्यातील झळ आणि धूळ या डोळ्यांस सोसत नाही. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार साधला तर रात्रीच्या ये-जा करण्यास चांदण्याचे साह्य होते. शनिवारी शाळा सकाळची असते; दुपारी इमारत मोकळी होते आणि रविवार पूर्ण हाती राहतो. मार्च महिन्यात जगभर काचबिंदू सप्ताह पाळला जातो. तो मुहूर्त सोयीचा पडल्यास उत्तम, न पडल्यास त्याचा आग्रह नको.

प्रवासाचा विचार आधी व्हावा. पुणे-अहिल्यानगर रस्त्याने येणारी माणसे वाडेगव्हाणच्या फाट्यावर उतरतात. ज्यास बाजूची वाहने दिसत नाहीत, त्याने असा वाहता रस्ता एकट्याने ओलांडणे धोक्याचे आहे. तेथे दोन जाणती माणसे आणि एक वाहन ठरल्या वेळी उभे असलेच पाहिजे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्य परिवहनाच्या गाडीत २०२२ पासून विनामूल्य आणि स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या भाड्यात प्रवास करता येतो. निरोपाबरोबर ही माहिती आणि सोबत आणावयाचे ओळखपत्र, दोन्ही सांगावीत.

जागेची सिद्धता विद्यार्थ्यांच्या श्रमदानाने सहज होते. पायऱ्यांच्या कडांवर चुन्याचा रुंद पट्टा ओढावा. वाटेतील बाके, कुंड्या, दोऱ्या काढून टाकाव्यात. दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण मिटलेली असावीत. अर्धे उघडे दार कपाळावर आदळते. बोलणाऱ्याच्या पाठीशी उघडी खिडकी असू नये. प्रकाशाच्या झोताने त्याचा चेहरा दिसेनासा होतो. स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्रभर दिवा राहावा. फळ्यावर अक्षरे ठळक व मोजकी असावीत आणि लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे. दिसावयास कमी असलेल्या माणसास हाताला धरून ओढू नये, त्यास आपल्या कोपराचा आधार घेऊ द्यावा व अर्धे पाऊल पुढे चालावे, हे वरच्या वर्गातील मुलामुलींकडून आधी करवून घ्यावे. मुले हे एका तासात शिकतात आणि जन्मभर विसरत नाहीत.

भोजन साधे असावे. घरटी भाकरी आणि सामुदायिक आमटी-भाजी इतके पुरे. येणाऱ्यांत मधुमेहाचे रोगी असतील, म्हणून जेवणाची वेळ पाळावी. खर्चाची बाब केवळ वाहन, दिवाबत्ती आणि कागद एवढीच उरते. तीही ग्रामसभेपुढे मांडावी आणि नंतर हिशेब वाचून दाखवावा.

कार्यक्रम मोजका असावा. शनिवारी दुपारी आलेल्यांनी विसावा घ्यावा. सायंकाळी परस्परांची ओळख आणि मोकळे बोलणे व्हावे. या बैठकीत पुढारी, हारतुरे आणि सत्कार नकोत. कोणी औषध का सोडले, कोणास बाटलीचा खर्च झेपत नाही, कोणाचा हात कापतो, हे त्यांनीच सांगावे आणि इतरांनी ऐकावे. शिक्षकाने बोलू न शकणाऱ्यास वाट करून द्यावी व फार बोलणाऱ्यास हळूच आवरावे. वर्गात हे काम तो रोजच करतो. रात्री औषधाच्या वेळी शाळेची घंटा वाजवावी आणि ज्यांचे ज्यांचे औषध असेल, त्यांनी एकत्र बसून घ्यावे. घरी चोरून घेतलेले औषध येथे उजळ माथ्याने घेतले जाईल, हेच पहिल्या दिवसाचे फलित.

रविवारी सकाळी ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यास पाचारण करावे. त्यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस महिनाभर आधी पत्र जावे. त्यांच्या देखरेखीखाली थेंब घालण्याचा पाठ घ्यावा. हात धुवावे, मान मागे करून खालची पापणी ओढावी, बाटलीचे टोक डोळ्यास न लावता एकच थेंब सोडावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलके दाबावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध असल्यास मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. उघडलेली बाटली बहुधा चार आठवड्यांनी टाकावयाची असते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. सरावासाठी वेगळ्या बाटलीतील पाण्याचे थेंब मुठीवर पाडावेत. डोळ्यात पाणी मुळीच घालू नये. दम्याचा विकार असेल त्याने तो डॉक्टरांस अवश्य सांगावा, कारण काही थेंब दमेकऱ्यास बाधतात.

याच वेळी एक इशारा पालकांनाही द्यावा. मुलांच्या डोळ्यांना खाज सुटते, तेव्हा दुकानातून थेंब आणून ते महिनोन्‌महिने घातले जातात. त्यांत स्टेरॉइड असेल तर मुलाच्या डोळ्यातील दाब वाढून त्यास काचबिंदू होऊ शकतो. जो शिक्षक वर्गात डोळे चोळणारे मूल हेरतो आणि चौकशी करतो, तो एक आयुष्य वाचवितो.

दुपारी निरोपापूर्वी सर्वांत महत्त्वाचे काम उरते. प्रत्येकाची वही करावी: औषधाचे नाव, घेण्याची वेळ, पुढील तपासणीची तारीख. जवळच्या गावांतील दोघा-दोघांची जोडी जमवावी. एकाने दुसऱ्याच्या तारखेची आठवण ठेवावी आणि शक्य तर तपासणीस एकत्र जावे. ज्यांची दृष्टी फार उणावली आहे, त्यांस २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील प्रमाणपत्राचा अर्ज तेथेच भरून द्यावा. आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरल्याशिवाय कोणी उठू नये.

अशा मेळाव्याने कोणास नवी दृष्टी लाभणार नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगितलेले बरे. खोट्या आशेने जमविलेली माणसे दुसऱ्यांदा येत नाहीत. वाहून गेलेले पाणी कोणत्याही गावास परत आणता आले नाही. पुढच्या पावसाचे पाणी मात्र बांध घालून अडविता आले. उरलेल्या दृष्टीचेही तसेच आहे. तिचा बांध म्हणजे रोजचा एक थेंब, आणि तो थेंब चुकू न देणारे एक शेजारी माणूस. ते माणूस मिळवून देणे हे शाळेच्या आवाक्यातील काम आहे, आणि प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावी त्याचा आरंभ करावा.