वेतोबाच्या जत्रेंतील एक रात्र

वेंगुर्ले तालुक्यांतील शिरोडें हें समुद्रकांठचें गांव त्याच्या मिठागरांमुळें सर्वांस ठाऊक आहे. १९३० सालीं येथेंही मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच्या शेजारीं आरवली, म्हणजे वेतोबाचें गांव. हा देव रात्रीं गांवाची राखण करीत हिंडतो अशी श्रद्धा असल्यामुळें त्याला नवसाचीं मोठमोठीं पायताणें वाहतात आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. ज्या देवाला एवढी पायपीट करावी लागते त्याला भूकही लागणारच!

जत्रा सुटीला लागून आली म्हणजे मुंबईचीं कुटुंबें शुक्रवारीं रात्रीं आगगाडीनें निघून शनिवारीं सकाळीं सावंतवाडीस उतरतात. देवदर्शन आटोपलें कीं मुलांचे पाय खाज्याच्या दुकानांकडे वळतात. बेसनाच्या जाड कांड्या तेलांत तळायच्या आणि आलें घातलेल्या गुळाच्या पाकांत घोळायच्या, एवढीच ती कृति. पण पाक आळत असतां हात क्षणभर थांबला तर कांड्यांचा एकच गोळा होतो, आणि आल्याचा तिखटपणा जिभेला जाणवला नाहीं तर जाणतीं माणसें दुसऱ्या दुकानीं जातात.

मध्यरात्रीच्या सुमारास मृदंगावर थाप पडते. आजीनें चटई टाकून जागा आधींच धरलेली असते. गणपति, ऋद्धिसिद्धि आणि सरस्वती येऊन जातात. आरतीचें ताट प्रेक्षकांत फिरतें आणि नात त्यांत नाणें टाकते. मग काळाकुट्ट संकासुर उडी मारून येतो, मालवणींतून थट्टा करूं लागतो, आणि पेंगलेलीं मुलें ताडकन् उठून बसतात.

त्यानंतर मुख्य आख्यान लागतें, आणि वडील घड्याळ पाहूं लागतात.

“चला आतां. उद्यां संध्याकाळची गाडी आहे.”

“तूं जा, बाबा. हिला मी दहीकाला झाल्यावर घेऊन येतें,” आजी म्हणते.

आजीचा हट्ट वरवर पाहतां म्हातारपणाचा वाटेल. पण दशावताराचें सारें भवितव्य त्यांतच आहे. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावतां लावतां नटांना कथा आणि भूमिका सांगितल्या जातात. संवाद रंगमंचावर, समोरच्या माणसांचा नूर पाहून, तेथल्या तेथें जुळवावे लागतात. स्त्रीचें सोंग घेणाऱ्या पुरुषाला लाज, क्रोध आणि विलाप कोणी पुस्तकांतून शिकवीत नाहीं. ज्या मुलानें अशा शेंकडों रात्री चटईवर बसून काढल्या, तोच पुढें तलवार घेऊन उभा राहतो. २०२५ सालीं ‘दशावतार’ हा चित्रपट आला आणि शहरांत या कलेचें कुतूहल वाढलें, ही आनंदाची गोष्ट. परंतु संकासुराचें छायाचित्र टिपून, खाज्याची पुडी बांधून घेऊन निघून जाणारा पाहुणा त्या नटाला काय देतो? दोन तासांचा सभागृहांतील प्रयोग नटाला पैसे देईल. पहाटे तीन वाजतां उत्तर सुचण्याची तालीम मात्र त्याला जत्राच देऊं शकते.

उजाडतां उजाडतां दहीहंडी फुटते. गुळानें चिकट झालेल्या हातावर नात काला घेते आणि राजाला शोधीत रंगमंचामागें जाते. राजा तेलानें तोंडाचा रंग पुशीत बसलेला असतो. पेटारे गाडींत चढत असतात. आज रात्रीं पुढच्या गांवची जत्रा.